लोखंडी कपाटाचा विक्रम

प्रिय चष्मिश,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण अकरा वर्षं एका टेबलावर काम केलंय, दुसरं काही लिहिणं जमेना. काल सभागृहात तुझ्या नावाने टाळ्या वाजत होत्या आणि मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते. 'बिनतारी संदेश संच: चौपट वेग' असं पडद्यावर केवढ्या मोठ्या अक्षरांत! आणि तू खुशाल हार घालून घेतोयस. धन्य आहे तुझी.

रंगारी आले होते तो आठवडा विसरलास? त्यांनी प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट व्हरांड्यात नेलं आणि आपल्या संचाचा वेग निम्म्यावर आला. दोन दिवस आपण रिसीव्हर उघडून डोकं खाजवत बसलो. कपाट आत आलं, वेगही आला, आणि आपण पोट धरून हसलो. चार अँटेना एकाच वेळी चार वेगळे संदेश सोडतात. ते कशाकशावर आपटून निरनिराळ्या वाटांनी पोचले, तरच पलीकडे वेगळे काढता येतात. आपल्याकडे हे काम ते कपाट करत होतं. म्हणून तर मी तोच संच मोकळ्या मैदानात नेऊन तपासला. चौपट सोड, दीडपटही भरेना. ते आकडे तुझ्या हातात दिले, तर नंतर बघू म्हणत तू ते ड्रॉवरमध्ये टाकलेस आणि अहवालावर सही ठोकून मोकळा झालास.

अरे, हा संच रुग्णवाहिकांवर बसणार आहे! उजाड रस्त्यावरच्या गाडीतून रुग्णाच्या हृदयाचं चित्र डॉक्टरांपर्यंत पोचायचंय. तिथे गाडीशेजारी कपाट घेऊन कोण धावणार, तू? तुझ्या आईला नेताना असंच चित्र पोचलं नव्हतं. म्हणून तर हे काम तू मागून घेतलंस ना? मग आता दुसऱ्या कुणाच्या आईचं काय? माझं डोकं फिरतं ते याच गोष्टीने.

आता इतके दिवस बोलले नाही ते लिहिते. ते कपाट त्या कोपऱ्यात मीच सरकवलं होतं, माझ्या खुर्चीला जागा हवी म्हणून. पहिला चौपट आकडाही माझ्याच हातचा. आणि सगळं कळूनही महिनाभर मी तोंडाला कुलूप लावलं, तुझी बढती अडायला नको म्हणून. तेव्हा राग तुझ्यावर आहे तेवढाच माझ्यावरही आहे. उद्या सकाळी दहा वाजता मी मैदानातले आकडे तपासणी समितीपुढे ठेवतेय. समितीला लिहिलेल्या पत्रावर माझी सही झालीय, माझी चूकही लिहिलीय. खाली तुझ्या सहीपुरती जागा सोडलीय. पेन मात्र स्वतःचं आण, नेहमी माझंच पळवतोस.

तुझीच,
कटकट
(नाव तूच ठेवलंयस)