आरोमो — साठ रोपं

९ मे
आज शाळेत सभा. टेकडीवर कुठली झाडं लावायची ते ठरवायला. आगीला दोन वर्षं झाली. कशी लागली ते चौकशीतही कळलं नाही. अजून 'झाड' म्हटलं की लोक मागे सरकतात. मीसुद्धा! शेजारच्या धुराड्यातून धूर निघाला तरी छातीत धस्स होतं.

अध्यक्ष एवारिस्तोकाका म्हणाले, "पाइन नको, निलगिरी नको. आपली चिलीचीच झाडं." ओढ्याकडे पेउमो, मधल्या उतारावर कियाय, घरांजवळ माइतेन. लित्रेवरून भांडण. त्याला हात लागला तरी अंगावर फोड येतात. "माझं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं!" एक जण ओरडला. काका म्हणाले, "मग सलाम केला नसशील! भर दुपारी 'शुभ रात्री, लित्रेसाहेब' म्हणायचं. मग तो काही करत नाही." सगळे हसले. लित्रे राहिला. जळला तरी मुळातून फुटतो.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांचा मुलगा, माझा निबाल्दो, त्याच उतारावर जळून गेला. त्यांना कसली झाडांची यादी दाखवू?

११ मे
उत्तरेचा उतार राहिला होता, आमच्या घराच्या अगदी वरचा. नुसतं ऊन आणि दगड. तिथे एस्पिनोच तगेल. काटेरी, सावकाश वाढणारा, चिवट. काका म्हणाले, "ओतिलिया, तुझं अक्षर बरं आहे, तूच लिही." लिहिली यादी. रोपवाटिकेला पाठवली.

४ जुलै
रोपं आली! पावसाने माती मऊ. आणि सासूबाई कुदळ घेऊन हजर! "घरावरची साठ माझी." एवढंच बोलल्या. कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी मला तळवे दाखवले. "बघ पोरी, एक ओरखडा नाही. उगाच काट्यांची भीती घालत होतीस."

मीही हसले.

५ जुलै
साठ एस्पिनो लावले आणि एक ओरखडा नाही?

वर जाऊन आले. पानं मऊ, रुपेरी. काटा नाहीच. हा आरोमो आहे. परदेशातून आलेला, पिवळ्या फुलांचा. भराभर वाढतो, वणव्यात भडाभडा पेटतो, आणि राखेतून आधीपेक्षा दाट उगवतो. यादीची प्रत काढली. माझंच सुंदर अक्षर: आरोमो — ६०. माझ्या माहेरी एस्पिनोलाच आरोमो म्हणतात! नऊ वर्षं झाली इथे येऊन. बोलताना चुकत नाही. लिहिताना माहेरचा शब्द हातातून उतरला.

आमच्याच डोक्यावर सरपण लावलं मी.

८ जुलै
सांगितलं नाही. हिंमत नाही.

१५ जुलै
सासूबाई चर्चला गेल्या असं समजून वर गेले. दोन रोपं उपटली, तिसऱ्याला हात घातला, तर त्या मागे उभ्या! "काय करतेस?"

"गवत काढतेय, आई."

त्यांनी ती दोन्ही उचलली, परत लावली, बोटांनी माती दाबली. "ही निबाल्दोची आहेत," म्हणाल्या. "नीट बघून काढ." आता कशी उपटू?

२ ऑगस्ट
पत्र्यावर काहीतरी तडतडलं. आग वाटून मी पाण्याची बादली घेऊन अंगणात धावले. बाहेर पाऊस कोसळत होता! वेड लागायचं बाकी आहे. हे भर हिवाळ्यातलं. डिसेंबरात उन्हाळा लागला की माझं काय होईल?

९ ऑगस्ट
एवारिस्तोकाका घरी आले. पलीकडच्या उतारालाही लावायचं म्हणाले. "तुझ्या सासूची रोपं काय जोमात आहेत! तीच तीनशे मागव." पलीकडे सात घरं आहेत. त्यांतल्या दोन घरांत तान्ही मुलं. मी मान हलवली. हो म्हणून!

१० ऑगस्ट
सांगितलं. त्या बटाटे सोलत होत्या. मी एका दमात सगळं बोलून टाकलं — माहेरचा शब्द, यादी, ते गवताचं खोटं. वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांनी हात पुसले, कुदळ घेतली. दुपारपर्यंत दोघींनी साठही उपटली. मी रडत होते. त्या नाही.

उद्या सकाळी अकरा वाजता सभा आहे. सगळ्यांसमोर सांगायचंय.

११ ऑगस्ट
सासूबाई चहा घेताना म्हणाल्या, "सभेत आधी मी बोलणार, तू माझ्यानंतर बोल. तुझी चूक उपटून टाकता आली. आग लागली त्या दिवशी भट्टीतली राख मी कुंपणापलीकडे टाकली होती. विझली असं वाटलं. वारा नव्हता गं."

कोट घालून त्या दारात उभ्या आहेत. माझ्यासाठी थांबल्यात.