नळीचा अंतिम निर्णय

४ जानेवारी, रविवार
पंचवीसपैकी तेरा चकत्या फुटल्या. उरलेल्या बारा चकत्यांच्या बाबतीतही माझा नेम बरोबर होता, छर्रेच भलतीकडे गेले. म्हणजे दोष नळीत आहे. हे अकरा वर्षांत लक्षात कसं आलं नाही?

क्लबच्या फळ्यावर नोटीस लागली. पलीकडच्या क्लबशी सामना १२ एप्रिलला, पाच जणांचा संघ, निवड २९ मार्चला. चार जागा ठरल्यासारख्याच आहेत. पाचवी एक तर माझी, नाही तर दातांच्या डॉक्टरची. अकरा वर्षं मी राखीव आहे. राखीव माणसाला संघाचं निळं जाकीट मिळत नाही, चहा मिळतो. खरं सांगायचं तर ते जाकीट एकदा तरी अंगात घालावं असं फार वाटतं. वही माझीच आहे, लिहायला हरकत नाही.

संकल्प: येत्या रविवारपर्यंत नळीचा निर्णय घेऊन मोकळं व्हायचं.

६ जानेवारी, मंगळवार, दुपारी, ऑफिसात
या विषयावर विचार करायला माझ्याइतका लायक माणूस क्लबात दुसरा नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं पाइपांवर काढली आहेत.

मुळापासून विचार. समोर खड्डा, खड्ड्यात यंत्र. आपण ‘सोड’ म्हणायचं, की मातीची चकती भिरभिरत लांब पळते. ती जमिनीवर पडायच्या आत फोडायची. एका चकतीमागे दोन काडतुसं उडवायची मुभा. पहिल्याने फुटो की दुसऱ्याने, गुण एकच.

सध्या माझ्याकडे मामांची जुनी दुनळी आहे, दोन नळ्या शेजारी-शेजारी. समोर पाहिलं की निम्मं आकाश नळ्यांनीच भरतं, चकती दिसणार कुठून! तेव्हा पर्याय दोन. एक: नळ्या एकावर एक. दोन: एकच नळी, वर उंच पट्टी. शिवाय लांबी तीस इंच की बत्तीस हा पोटप्रश्न. वहीत तक्ता आखला. एक निविदा बघायची राहिली, पण तिला घाई नाही.

११ जानेवारी, रविवार
निर्णय झाला. एकावर एक, तीस इंच. अंतिम.

पंचवीसपैकी बारा. जुन्या नळीकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
बत्तीस इंच. लांब नळी जड असते, त्यामुळे फिरवताना मध्येच अडखळत नाही. तीस इंचांचा निर्णय घाईत झाला होता.

१४ जानेवारी, बुधवार, संध्याकाळी
लांबीचा अंदाज यावा म्हणून केरसुणीच्या दांड्याला फूटपट्टी बांधून बरोबर बत्तीस इंच केले आणि दिवाणखान्यात डावीकडून उजवीकडे फिरवून पाहिलं. फिरणं अप्रतिम. कपाटावरचा दिवा मुळातच कडेला ठेवला होता. ही स्वयंपाकघरातून आली, काचा बघितल्या आणि फक्त एवढंच विचारलं की तीस इंचांनी वाचला असता का. मोजून पाहिलं. वाचला असता. पण दिव्यांसाठी कोणी नळी निवडत नाही.

१८ जानेवारी, रविवार
आज गाडी हिने चालवली. मला वाटेत विचार करायचा असतो, आणि विचार करताना मी गिअर विसरतो असं तिचं म्हणणं. क्लबात ती बाकावर स्वेटर विणत बसली होती.

अकरा. सगळा दोष नळीला देऊन भागणार नाही, वाराही होता.

मास्तर जवळ आले. हे पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, आता क्लबात नेम शिकवतात, पण आवाज कवायतीचाच. म्हणाले, तुमच्या नळीत काही नाही, तुम्ही गाल उचलता. चकती फुटली का हे बघायला तुम्ही चाप ओढायच्या आधीच डोकं वर काढता, गाल लाकडावरून सुटतो, की गोळी गेली वर. मी त्यांना नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाचं गणित समजावून सांगायला लागलो, तर ते ‘गाल, गाल’ म्हणत पुढच्या माणसाकडे गेले. ज्यांना यंत्र कळत नाही ते शरीरावर घसरतात.

२० जानेवारी, मंगळवार
बंदुकीच्या दुकानात दोन तास. दुकानदार सज्जन माणूस. म्हणाला, साहेब, एका पेटीत दोन्ही नळ्यांचा जोड येतो, तोच घ्या ना, रोज भांडण नको. मी बाणेदारपणे सांगितलं की ज्यांना निर्णय घेता येत नाही त्यांनी जोड घ्यावा.

घरी येताना पुन्हा तीस इंच बरे वाटू लागले.

१ फेब्रुवारी, रविवार
बारा. 

एक गंमत. विणायची लोकर संपली म्हणून ही नुसतीच बसली होती, तर मास्तरांनी तिच्या हातात क्लबची बंदूक दिली. ती कुणीही वापरतो, दस्त्याला टेप गुंडाळलेली आहे. हिने चौदा फोडल्या. तेवढ्यात वारा पडला होता हे नमूद करणं आवश्यक आहे. परतताना मी तिला नळ्यांची रचना, लांबी आणि आवळपणा हे सगळं दारापर्यंत समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी आपली चकतीकडे बघते. नवीन माणसाला सुरुवातीला असंच वाटतं.

८ फेब्रुवारी, रविवार
मी तेरा. ही सतरा. डॉक्टर एकोणीस, पण त्यांना दिवसभर बारीक वस्तूंकडे बघायची सवय आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी
दाढी करताना उजेड पडला. इतके दिवस प्रश्नच चुकीचा मांडत होतो. दुसरी नळी लागतेच कशाला? दुसरी नळी आहे हे माहीत असल्यामुळेच पहिल्या गोळीत मन लागत नाही. मागे कोणी आवरायला आहे म्हटलं की माणूस पसारा करतोच. एकच नळी, एकच काडतूस, एकच मन! शिवाय एकनळीवरची पट्टी उंच असते, त्यामुळे डोकं वर राहिलं तरी चालतं. म्हणजे मास्तरांची गालाची कटकटही मिटली.

एकनळी. बत्तीस इंच. अंतिम. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार
दुकानदाराने दोनदा विचारलं: साहेब, तुमच्या खेळात दोन बार चालतात ना? मग एक का सोडताय? मी म्हणालो, दुसरा बार दुबळ्यांसाठी. तो आत जाऊन पेटी घेऊन आला. मामांची दुनळी त्यालाच देऊन टाकली. नवीन बंदुकीचा दस्ता माझ्या खांद्याच्या मापाने तासून दिला. एकदा तासला की परत घेत नाही, असंही त्याने दोनदा सांगितलं. या माणसाला सगळं दोनदा सांगायची सवय आहे.

हिला दाखवली. छान आहे म्हणाली. मग विचारलं, दुसरी नळी मागून येणार का.

२ मार्च, सोमवार
एकनळीचं तंत्र वेगळं. बार झाला की ताबडतोब बंदूक मधून उघडायची, रिकामं काडतूस काढायचं, मन मोकळं करायचं. हा हात बसला पाहिजे. रोज संध्याकाळी दिवाणखान्यात रिकाम्या बंदुकीने दोनशे वेळा: ‘सोड!’, चाप, उघड. ‘सोड!’, चाप, उघड. आता झोपेतसुद्धा होईल.

६ मार्च, शुक्रवार
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हिला जिन्यात गाठून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? रोज दिवेलागणीला साहेब सोड, सोड म्हणून ओरडतात, त्यांना धरून कोण ठेवतं? हिने काय उत्तर दिलं ते सांगायला ती तयार नाही. काकू मात्र आता माझ्याकडे फार सहानुभूतीने बघतात.

१५ मार्च, रविवार
चौदा! तेरावरून चौदा. एकनळीचा विजय. बाकीचे दोन-दोन बार उडवतात हे लक्षात घेता माझे चौदा म्हणजे त्यांचे अठ्ठावीस. पंचवीसपैकी अठ्ठावीस कसे, असं हिने विचारलं. हिशेब भावनेचा आहे.

ही एकवीस. मास्तरांनी तिचं नाव निवडीच्या यादीत घातलं. चाचणीला गर्दी दिसावी म्हणून असणार. मी परवानगी दिली. नंतर कळलं की ती मागितली नव्हती.

२८ मार्च, शनिवार
उद्या निवड. बंदूक दोनदा पुसली. जाकिटाचं माप काय सांगायचं ते ठरवून ठेवलं: छाती बेचाळीस, पोट सैल. डॉक्टरांना आधीच दोन शब्द समजुतीचे सांगावेत का?

२९ मार्च, रविवार, संध्याकाळी
सविस्तर लिहिणं भाग आहे.

पहिल्या दहा चकत्या. मी चार फोडल्या. सुटलेल्या सहांपैकी निदान तीन दुसऱ्या बाराच्या आवाक्यात होत्या असं मागून कोणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. मग अकराव्या चकतीच्या वेळी चाप ओढला तर नुसती ‘टिक्’. चापाची स्प्रिंग गेली. बहुधा रोजच्या दोनशेंमुळे, पण तो अंदाज झाला.

मास्तर म्हणाले, दुसरी बंदूक घ्या, नाहीतर बाद. हिचा नंबर संपला होता. ती पुढे आली आणि टेपवाली बंदूक माझ्या हातात दिली. हळूच म्हणाली, दोन आहेत बरं का, दोन्ही वापरा. मला तिचा राग आला नाही. तिने डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, तेव्हा एकदम वाटलं, जमेल.

‘सोड!’ पहिला बार. चुकला. चकती अजून आरामात समोर होती, दुसऱ्या बारासाठी हात जोडून थांबल्यासारखी. आणि माझ्या हातांनी बंदूक उघडली. दुसरं, न उडालेलं काडतूस सगळ्यांसमोर दिसत होतं.

मास्तर ओरडले, अहो, दुसरा! मी म्हणालो, हो. ‘सोड!’ बार, चुकला, उघडली. पुन्हा ‘सोड!’ बार, उघडली. मनाला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. पंधरा चकत्यांत एकदाही दुसरा चाप ओढला नाही. शेवटच्या चार-पाच वेळा तर मागचे सगळे एका सुरात ‘उघडू नका’ म्हणत होते आणि मी उघडत होतो. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

माझे नऊ. डॉक्टर वीस. ही बावीस.

पाचवी जागा हिची. राखीव डॉक्टर. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की सामन्याच्या दिवशी खड्ड्यात यंत्रावर चकत्या ठेवायला भरवशाचा माणूस हवा आहे.

गाडी हिने चालवली. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, तुम्हाला नको असेल तर मी नाव काढून घेते. मला पटकन ‘काढ’ म्हणावंसं वाटलं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगणार नाही. मी म्हणालो, वेडी आहेस का.

३० मार्च, सोमवार
निळं जाकीट आलं. बायकांच्या मापाचं. ती अंघोळीला गेल्यावर घालून पाहिलं. एक हात गेला.

१२ एप्रिल, रविवार, दुपारी
सामना.

खड्डा बऱ्यापैकी खोल आहे. वर पत्रा, समोर फट. फटीतून चकती जाते, पण बाहेरचं आकाश आपल्याला दिसत नाही. दिसतं ते यंत्र. ते मागे आलं की त्यावर चकती ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. घंटा होईपर्यंत डोकं बाहेर काढायची सक्त मनाई. एका अर्थाने मास्तरांचं अकरा वर्षांचं म्हणणं मी आज पहिल्यांदा पाळलं.

शेवटी हिचा नंबर. तिच्या ‘सोड’ला माझ्यासारखा जोर नाही, भाजी निवडता-निवडता सांगितल्यासारखं सांगते. आत बसून गुण कळत नाहीत, पण बार मोजता येतात. एक बार म्हणजे फुटली. दोन म्हणजे पहिला चुकला. एक. एक. एक. दोन. एक. मी चकत्या ठेवत होतो आणि बोटांवर बार मोजत होतो. मध्ये वरून कुणीतरी ओरडलं की दोन्ही क्लब बरोबरीत, शेवटची एकच चकती उरली. चकती नीट बसली की नाही म्हणून दोनदा चाचपली.

‘सोड.’

एक बार. मग काहीच नाही. तेवढ्या वेळात मी देवाला हाक मारली, एवढंच मागितलं की हिने बंदूक उघडू नये.

दुसरा बार. आणि वर नुसता कल्लोळ.

मी खड्ड्यात एकटाच ओरडलो, फुटली! कुणाला ऐकू गेलं नाही. घंटा वाजवायचं काम ज्याच्याकडे होतं तोही नाचत होता म्हणे. मी आत वीस मिनिटं बसून होतो. शेवटी ही आली, निळ्या जाकिटात, गुडघ्यांवर बसून झाकण उचललं आणि आत वाकून विचारलं, दिसलं का हो?

मी म्हणालो, सगळं दिसलं.

दुनळीच बरी, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.