दुसऱ्या ओळीतला चौथा

२ जुलै २००१, सोमवार

कलादालन! बावीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली, आणि आता मी कलादालनात. आदेशात कारण लिहिलंय — ‘प्रशासकीय सोय’. सोय कुणाची ते नगरपरिषदेच्या चपराशालाही ठाऊक आहे. भैयाजींच्या पुतण्याला नोकरीच्या अर्जापुरतं दोन वर्षांनी लहान व्हायचं होतं. मी म्हटलं, रजिस्टरात आहे त्याच दिवशी तो जन्मला, माझा नाइलाज आहे. भैयाजी सांस्कृतिक समितीचे सभापती. आज हसून म्हणाले, “यशोदाबाई, जिंदगीभर मुडदेच लिवले तुमी. आता जरा कलेची हवा घ्या!”

कला म्हणजे मला चौथीत काढलेला आंबा आठवतो. बाईंनी त्याला वांगं समजून सहा मार्क दिले होते.

५ जुलै

दालन म्हणजे वाचनालयाच्या वरचा हॉल. उद्घाटनाच्या पाट्या तीन, त्यांवर नावं एकोणीस. चित्रं टांगायला खिळे बारा! तीनदा उद्घाटन होऊनही आत कबुतरांशिवाय कुणी राहिल्याचं दिसत नाही.

झाडायला आनंदाबाई आहे. साठीला आलेली, काटक. झाडते बरी, बोलते जवळजवळ नाहीच. इथली पसंत पडलेली ही एवढी एकच गोष्ट.

२० ऑगस्ट

नगराध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त छायाचित्र-प्रदर्शन. ‘विकासाच्या वाटेवर’. एकसष्ट फोटो. साठांत स्वतः साहेब. एकसष्टाव्यात नुसता हातपंप — मी जरा सुखावले, तर दांड्यावरचा हात त्यांचाच! अंगठीवरून ओळखला.

४ सप्टेंबर

नागपूरहून चित्रकार आले. सात चित्रं, साती राखाडी. नाव — ‘अंतर्नाद’. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणे, “तुम्हाला काय वाटतं?” वाटायचं काम मीच करायचं तर एवढा प्रवास कशाला केलात, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

अभिप्रायाच्या वहीत चार दिवसांत तीन नोंदी. एक माझी, नियमानुसार. एक चित्रकारांची स्वतःचीच — ‘अविस्मरणीय’. तिसरी, कुण्या वाटसरूची — ‘पंखा चालत नाही.’ तिघांत खरं बोलणारा तोच.

७ ऑक्टोबर, रविवार

बालचित्रकला स्पर्धा. दोनशे पोरं, विषय ‘माझे गाव’. दोनशे कागदांवर दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या गावात नारळ! एका पोरीला विचारलं, तुझ्या घराजवळ आहे का गं असं झाड?

“नाई.”

मग काऊन काढलं?

“मॅडमनं शिकवलं.”

हिंगणघाटहून आलेल्या परीक्षकांनी पहिलं बक्षीस कशाला दिलं? सगळ्यांत उंच नारळाला.

१९ नोव्हेंबर

नवीन फर्मान. नगरपरिषदेला पंच्याहत्तर वर्षं होतात म्हणून सव्वीस जानेवारीला ‘आपले गाव — जुनी छायाचित्रे’. घरोघरचे फोटो मागवायचे, प्रत्येकाखाली नावांची पाटी लावायची. पाट्या लिहायच्या मी. भैयाजी म्हणाले, “तुमचं अक्षर सोन्यासारखं हाय बाई.” पुतण्याच्या वेळी याच अक्षराची अडचण झाली होती!

८ डिसेंबर

आलेल्या फोटोंवरून गावात जिवंत माणसं फार नव्हती असं दिसतं. सगळे आजोबाच. पगडी, काठी, खुर्ची. खुर्ची तर बहुतेकांची एकच आहे — स्टुडिओतली.

कापडवाले ताराचंद शेठ चौदा फ्रेमा घेऊन आले. दुकान. दुकान आणि आजोबा. आजोबा आणि घोडा. मी म्हटलं, शेठजी, प्रदर्शन गावाचं आहे, तुमच्या खानदानाचं नाही. ते मुळीच रागावले नाहीत. “बाई, आमचं दुकान आलं, मंग गाव आलं!” वर घोड्याचं नाव पाटीवर घालायला बजावून गेले. मोती.

१४ जानेवारी २००२

संक्रांत. आज गोड बोलावं लागतं म्हणून कुणाशी बोललेच नाही.

१८ जानेवारी

बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या मालकिणीने फोटोंचा खोका पाठवला. धूळ, वाळवी आणि लग्नं. मात्र तळाशी एक मोठा फोटो निघाला. गावातल्या मिलच्या संपाचा, त्र्याहत्तर सालचा. बंद फाटकासमोर तीन ओळींत बसलेले तीसेक कामगार. उन्हाने डोळे बारीक केलेले, कुणी विडी लपवतोय, कुणी हसतोय. एवढ्या ढिगात पहिल्यांदा माणसं दिसली!

मी तो टेबलावर पुसत होते. मागे झाडूचा आवाज चालू होता तो थांबला. आनंदाबाई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने बोट ठेवलं — दुसरी ओळ, डावीकडून चौथा. गळ्यात मफलर.

“बाई, हा माहा माणूस होय.”

फोटोतलं तोंड तुरीच्या दाण्याएवढं. मी म्हटलं, कशावरून? घरचा एखादा फोटो आण, ताडून पाहू.

“घरी असता तं इथं काऊन पाह्यला असता?”

मी नाव-गाव विचारलं. श्रावण नाव. मिलमध्ये होता, संपानंतर दोन वर्षांत काविळीने गेला. फोटो असा कधी काढलाच नाही. मी सांगितलं, पुराव्याशिवाय पाटीवर नाव लिहिता येणार नाही. “बरं,” म्हणाली आणि उरलेला हॉल झाडून घेतला.

२१ जानेवारी

ताराचंद शेठच्या पाट्या लिहीत होते. ‘शेठजींचे आजोबा व त्यांचा घोडा मोती.’ घोडा मोती! घोड्याचा पुरावा मी मागितला नाही.

दुसरी पाटी घेतली आणि लिहिलं — ‘मिलचे फाटक, १९७३. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथे — श्रावण, मिल कामगार.’ पुरावा न पाहता केलेली माझी बावीस वर्षांतली पहिली नोंद.

आनंदाबाईला वाचून दाखवली. “‘चौथे’ लिवलं का जी?” तिने विचारलं. “चौथा नाई?” नाही, चौथे. पदर तोंडाला लावून जिन्याकडे गेली.

२६ जानेवारी, शनिवार

उद्घाटन. पाच भाषणं. कलेवर एकही नाही, पंच्याहत्तर वर्षांवर पाचही. नंतर जो तो आपापल्या आजोबांसमोर जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्याच्या आजोबांकडे पाठ करून चहाला गेला. शेठ घोड्यापाशी पाहुण्यांना थांबवत होते.

आनंदाबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मिलच्या फोटोसमोर तासभर उभी. कुणी विचारलं तर पाटीकडे बोट दाखवायची. स्वतः वाचता येत नाही. लोकांकडून वाचून घेत होती, पुन्हा पुन्हा.

२९ जानेवारी

भैयाजी तणतणत आले. “यशोदाबाई, हे काय लावून ठेवलं? माहे बाबूजी संपाचे पुढारी होते. हा श्रावण फितूर! संप चालू असताना मागच्या दारानं कामावर गेलता. सगळ्या गावाले माहीत हाय. अन् तुमी त्याले फाटकावर बसवून राह्यले?”

आनंदाबाई तिथेच झाडत होती. झाडू थांबला नाही. एवढंच की त्याच एका फरशीवर फिरत राहिला.

मी म्हटलं, पाटी काढायची तर लेखी द्या. लेखी म्हटलं की या लोकांची सगळी हिंमत पातळ होते. “गुरुवारी येतो,” म्हणाले, “पाटी दिसली नाई पाह्यजे.”

ते गेल्यावर तिला विचारलं, खरं आहे का? झाडू कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, “लोकं म्हणत. काऊन गेला, ते कोणी विचारलं नाई. मेला तं खांद्याले चार माणसं भेटले नाईत, बाई. माह्या भावानं अन् मी नेला.”

मी सभापतींसाठी एक टिपण लिहायला घेतलं होतं. फाडलं. कोणत्या तोंडाने लिहू? पुरावा माझ्याकडेही नाहीच.

३१ जानेवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

अकराच्या सुमाराला एक म्हातारा जिना चढून आला. दम लागलेला, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. सेलूहून एसटीने आला होता. हॉलात दुसरं कोणी नव्हतं, फक्त मी आणि पलीकडच्या खिडकीची काच पुसत असलेली आनंदाबाई. त्याने आजोबांकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ मिलच्या फोटोसमोर गेला आणि लहान मुलासारखा हसला.

“हा पाहा मी!” मला म्हणाला. बोट — दुसरी ओळ, डावीकडून चौथा.

मी आवाज खाली आणला. नक्की?

“म्हंजे? हा मफलर माह्या सासऱ्यानं देल्ला. हा बाजूचा माहा साळा. मी उकंडा.” मागची पूर्ण ओळ नावांनिशी म्हणून दाखवली. नोंदणीच्या खिडकीत बसून माझे कान तयार झालेत. माहिती देणारा खरं सांगतोय की रचून, ते मला दुसऱ्या वाक्याला कळतं. हा खरं सांगत होता.

मग त्याने पाटी वाचली. “श्रावण?”

त्याला बाकावर बसवलं आणि हळूच सगळं सांगितलं. आनंदाबाईचं, भैयाजींचं, आज गुरुवार असल्याचं. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं. पाणी मागितलं. मी विचारलं, ओळखत होतात का श्रावणला?

“एकाच खात्यात होतो जी. गेलता तो आतमंदी. आठ दिवस. घरी पोरगी बिमार होती त्याची, मागून समजलं. आमी सगळ्यायनं त्याच्याशी बोलणं सोडलं. मीनंबी. रस्त्यात दिसला तं थुकत होतो.” पेला हातात तसाच. “पोरगी वाचली नाई.”

तेवढ्यात भैयाजी आलेच, मागे चार जण. “पाटी काढली नाई अजून?”

मी उठले. काय बोलणार होते, मला अजूनही माहीत नाही. पण माझ्याआधी आनंदाबाई पुढे आली. हातातलं फडकं खिडकीत ठेवून, पदर सावरून, सरळ म्हाताऱ्यासमोर.

“बुवा, तुमी मिलमंदी होते का? या माणसाले ओळखता?” आणि फोटोवर बोट ठेवलं. त्याच्याच तोंडावर!

उकंडरावांनी फोटोकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून धोतराला पुसला.

“ओळखतो नं. श्रावण हा. आमच्यासंग फाटकावर बसला होता.”

“बुवा, तुमी कोण?” भैयाजी.

“मी उकंडा. तुमच्या बाबूजीच्या बाजूले बसून पंधरा दिवस जेल काढली. तुमी तवा हाफ चड्डीत फिरत होते.” मग आनंदाबाईला म्हणाले, “लय चांगला माणूस होता, माय. पोरीवर लय जीव त्याचा. आमचंच चुकलं.”

भैयाजी “बरं, बरं” करत फोटोजवळ गेले, बाबूजींना शोधल्यासारखं केलं आणि निघाले. जेलमध्ये सोबत असलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार?

खोटी साक्ष. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या दालनात! एका तारखेसाठी सभापतीशी भांडणारी मी खांबासारखी उभी राहिले.

जिन्यापर्यंत उकंडरावांना सोडायला गेले. तुमचा फोटो गेला की हो, म्हटलं.

“जाऊ द्या जी. मी तं जिता हाओ.”

१ फेब्रुवारी

सकाळी आनंदाबाईने झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, “फोटोतला तो कालचा बुढाच होय, बाई. माहा माणूस नव्हे. जिना चढून आला तवाच ओळखला म्या.”

मग त्यालाच काऊन विचारलं?

“माह्या माणसाले कोणी चांगलं म्हणताना एक डाव आयकाचं होतं.”

पाटी काढू का, मी विचारलं.

“नोका काढू. बुढा पुन्हा आला तं त्याले वाईट वाटन.”