धुऱ्यावरची एक वेल

सिहोरा, मंगळवार

तीर्थस्वरूप चंद्रकुमार जिजाजी यांना (आणि त्यांच्या खांद्यावरून वाचत असलेल्या रीताताईला) भुपेंद्रचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

माझं सगळं बदललं ते दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीला, सकाळी पावणेनऊला, तुमसरच्या कॉलेजात बुंदीचे लाडू वाटून राहिले होते तेव्हा. पण ते नंतर. आधी तुमची तब्येत कशी आहे? कंबरेला पट्टा लावता की तो अजून खुंटीलाच? इकडे आईचा गुडघा दुखतो, पण ती कबूल करत नाही. बाबा ठीक, म्हणजे बोलत नाहीत. शेळी फारच ठीक आहे, तिचा विषय पुढे येईल. फोन असून पत्र काहून, असं विचाराल, तर फोनवर तुम्ही दोनदा ‘हं’ म्हणता आणि तिसऱ्या ‘हं’च्या आत ताई फोन ओढून घेते. पत्रात तिला माझं बोलणं तोडता येत नाही.

तर लाडू. रांगेत एकानं माझ्यापुढे हात घातला, मी काही म्हटलं, त्यानं काही म्हटलं आणि माझ्या हातातला लाडू त्याच्या कपाळावर जाऊन फुटला. (लाडू नीट वळलेला नव्हता, माझा दोष अर्धाच.) मागे मेघा उभी होती, आंधळगावच्या तुलारामजींची मुलगी. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुखी झालो असतो. ती शांतपणे म्हणाली, “भुपेंद्र, तुझ्या हातात एक लाडू टिकत नाही, मी काय टिकू?” म्हणजे टिकायचा विचार तिच्या मनात होता, हे मला त्या वाक्यात कळलं आणि त्याच वाक्यात ते संपलंही. मी म्हटलं, दोन वर्षं फळच देत नाही असं पीक उभं करून दाखवतो. (तुम्ही लग्नाच्या पंगतीत सांगितलेली एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती, की वाइनच्या द्राक्षाला घाई चालत नाही.) आणि आपण किती टिकतो हे दाखवायला मी त्याच दुपारी कॉलेज सोडलं. यातली गंमत ताईनं मला तीनदा समजावली आहे, चौथ्यांदा नको.

तुम्ही दिंडोरीहून एप्रिलच्या छाटणीतल्या साठ काड्या ओल्या गोणपाटात बांधून पाठवल्या, सोबत दोन पानं सूचना. पहिलं पान मला पाठ आहे. निचऱ्याची मुरमाड जमीन, दोन वेलींत पाच फूट, दोन ओळींत आठ फूट, वर तारेचा आधार, आणि पाणी जपून, कारण या द्राक्षाला थोडं तहानलेलं ठेवलं तरच रस दाट उतरतो. मी ते आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही तिकडचे, तुम्हाला कल्पना येणार नाही. आमच्याकडे पाणी थांबतं म्हणूनच धान होतो. ते थांबावं म्हणून पणजोबांनी शेताला चहूकडून धुरे (तुमच्याकडचे बांध) घातले, वर बोडी खोदली (म्हणजे छोटा तलाव), आणि त्यांच्या पणतवानं सांगावं की पाणी थांबू देऊ नका. बाबा उठून बैलांकडे गेले. आई म्हणाली, “खायाचे नाही, अन् दारूचे. मंग आपली मोहाची झाडं का मेली का?”

काड्या पिशव्यांत छान फुटल्या. जुलैत धानाची रोवणी चालू होती आणि मी तुमसरला गेलो होतो. (मेघा बसमधून उतरते ते पाहायला. उतरली, माझ्याकडे पाहिलं नाही, दिवस चांगला गेला.) परत येतो तर रोवणीला आलेल्या सत्यभामाबाईनं आणि तिच्यासोबतच्या बायांनी माझी रोपं धानाच्या पऱ्ह्यांसारखी चिखलात अंगठ्यानं दाबून लावून टाकलेली. वीतभर अंतरावर, दाटीच्या ओळींत, गाणं म्हणत, दहा मिनिटांत. एकोणसाठ वेली दोन खाटांच्या जागेत. साठावं रोप उरलं, ते त्यांनी वर धुऱ्यावर खोचलं होतं आणि त्याच्या बांबूला जेवणाचा डबा टांगला होता. “तू कुठी गेला होता बाबू?” सत्यभामाबाई म्हणाली, “पऱ्हे सुकून राहिले होते, आमच्यानं पाहवलं नाही.”

मी दुसऱ्या दिवशी एकोणसाठही उपटली, वरच्या शेतात फूटपट्टी धरून लावली, मधून पाणी जायला चर खोदले. सकाळी पाहावं तर चर बुजलेले आणि घोटाभर पाणी. पुन्हा खोदले, पुन्हा भरलं. पाऊस संपला, दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया (दिवाळीनंतरच्या जत्रा) झाल्या, तरी माझ्या वेली बदकांसारख्या पाण्यात. मुळं कुजत गेली. बोडीचं पाणी शेजारच्या परसरामकाकांच्या शेतातून येतं, म्हणजे चोर उघड होता. मी त्यांच्या अंगणात जाऊन जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यांनी फक्त विडी पेटवली, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. होळीपर्यंत एकोणसाठातली एकही राहिली नाही. राहिली ती धुऱ्यावरची, डब्याची. उंचावर असल्यानं तिच्या पायाशी पाणी थांबलं नाही, आणि मी विसरलो असल्यानं तिला माझाही त्रास झाला नाही.

एप्रिलमध्ये शेळीनं ती बुडापर्यंत खाल्ली. मी शेळीमागे तलावाच्या पाळीपर्यंत धावलो. मग तुमचं दुसरं पान पहिल्यांदा वाचलं, त्यात लिहिलं होतं, एप्रिलमध्ये बुडाशी कडक छाटणी. वेल दुप्पट जोमानं वर आली. गेल्या दिवाळीनंतर मंडईत कळलं की मेघाला चिखल्याच्या मँगनीज खाणीतल्या एकाचं स्थळ आलं आहे, क्वार्टर आहे, रविवारी सुट्टी आहे. मी घरी आलो, विळा घेतला आणि बांबूभर चढलेली ती वेल बोटभर खुंट ठेवून सपासप कापली. आई ओरडली, हात कापल्यासारखी. बाबांनी खाली पडलेल्या काड्या वेचल्या. पंधरा दिवसांत प्रत्येक खुंटाला पालवी, आणि पालवीत राळ्याच्या कणसासारखे बारीक घोस. दुसऱ्या पानाच्या शेवटी तुम्ही लिहिलंच होतं, दिवाळीच्या सुमारास फळछाटणी, दयामाया न करता. तर एक छाटणी शेळीच्या भुकेनं झाली, दुसरी माझ्या रागानं. गावात दोन्हींचं श्रेय मी घेतो.

अकरा घोस होते. भुरी रोगानं तीन नेले, बुलबुलांनी चार. उरलेले चार आईच्या जुन्या लुगड्याखाली आहेत. मणी काळे, वाटाण्याएवढे, गरापेक्षा बी जास्त. सत्यभामाबाईनं एक खाल्ला आणि त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. तुम्ही म्हणाल तसे अजून दहा-बारा दिवस ठेवतो. मला काही नको, फक्त खुशाली कळवायची होती. ताईला नमस्कार, छोटीला पापा.

तुमचा आज्ञाधारक,
भुपेंद्र

ता. क. – खुशालीशिवाय एक बारीक काम आहे. मेघा येत्या रविवारी तुलारामजींना घेऊन माझी द्राक्षं पाहायला येते आहे. चिखल्याच्या लोकांना तिनं तोवर थांबायला सांगितलं आहे. अडचण एवढीच की दोन वर्षांत तिनं जेव्हा जेव्हा फोनवर विचारलं तेव्हा तेव्हा मी ‘साठही मस्त’ असं सांगितलं. तरी तुमच्या मळ्यातली पिकलेली द्राक्षं दोन पेट्या भरून शनिवारच्या आत रेल्वेनं पाठवा. बांबू मी रोवले आहेत, दोरा आणला आहे, घोस मी बांधीन. पानांचं काय करायचं ते सुचवा.

ता. क. दुसरा (गुरुवार) – पेट्या पाठवू नका. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल सकाळी लुगडं उचललं तर चारातले तीन घोस गायब. मी शेळीला बोललो, आईला बोललो, धुऱ्यावर उभा राहून परसरामकाकांना ऐकू जाईल असं बोललो. दुपारच्या बसनं बाबा उतरले, हातात रिकामा डबा. ते आंधळगावला गेले होते. तुलारामजींच्या अंगणात बसून, घोस समोर ठेवून, जे बोलले ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: “पोट्ट्यानं साठ लावल्या. एकोणसाठ मी बुडवल्या. तहानलेलं झाड पाहवत नाही मले, मी रोज सकाळी पाणी सोडत होतो. एक राहिली, ते त्याची होय. पाहून घ्या.”

जिजाजी, मी रागावायला तोंड उघडलं आणि आत काही सापडलंच नाही. परसरामकाकांकडे गेलो, पाया पडलो. ते म्हणाले, “मले माहीत होतं ना बे. देवाजीनं, तुया बापानं, हात जोडले होते, पोराले सांगू नको म्हणून. आता बस, चहा पी.” सव्वा वर्ष त्या माणसानं माझे शब्द अंगावर घेतले.

मेघानं एक मणी बियांसकट चावला म्हणे, डोळे मिटले, आणि बाबांना म्हणाली, “काका, दहा दिवस आधी तोडले तुम्ही. आंबट आहेत.” म्हणजे आमच्या घरात धीर कुणाला नाही हे आता ठरलं. मग ती तुलारामजींना म्हणाली, चिखल्याला नाही म्हणून कळवा. मला निरोप असा आहे: साठचं खोटं पुन्हा बोललास तर तुझं तू पाहा, आणि चौथ्या घोसाला कुणी हात लावायचा नाही, पुढच्या रविवारी मी येऊन तोडीन.

ता. क. तिसरा – खरं काम हे. अक्षयतृतीयेला ताईला घेऊन या आणि आमच्याकडून वडीलधारे म्हणून तुलारामजींशी बोला. बाबांनी त्यांचा दहा वर्षांचा कोटा काल संपवला आहे. तुम्ही दोनदा ‘हं’ म्हटलं तरी पुरे.

गोठ्यामागे आज एक पाहिलं. दिवाळीनंतर कापलेल्या काड्या बाबांनी फेकल्या नव्हत्या, एकेक पिशवीत खोचली होती. तेवीस फुटल्या आहेत. पाणी देत नाही असं ते शपथेवर सांगतात, माती ओली आहे. त्यातलं एक रोप आंधळगावला नेऊन देतो, मेघाकडचा धुरा आमच्याहून उंच आहे.

बाबा ओसरीवर झोपले आहेत, तोंडावर दुपट्टा. या घराच्या दाराच्या बिजागऱ्या माझ्या आपटण्यानं दोनदा बदलल्या, तुम्हाला माहीतच आहे. पत्र खिशात घालतो, रोप हातात घेतो. दार हळूच ओढून घेतो.