तांडेलाचा पोर आणि फटफटी

आबा,

आज पुन्हा तुझ्यावर जळलो. सत्तरी गाठली तरी ही खोड गेलेली नाही. सकाळी बंदरावर गेलो होतो. तिथे वाडीतला एक म्हातारा आपल्या पाहुण्याला माझी ओळख करून द्यायला लागला. मला वाटलं, आता सांगेल की ह्याने रत्नागिरीत फटफटी चालवली, डॉक्टरला मागे बसवून गावोगाव नेलं, कधी कोणाला खरचटू दिलं नाही. तो म्हणाला, "हा आमच्या तांडेलाचा पोर." झालं! तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, तू तांडेल म्हणून हाकायचास तो शिडाचा मचवा त्याच्याही आधी विकला गेला, आणि मी अजून तांडेलाचा पोरच. पाहुण्याने लगेच हात जोडले, ते अर्थात तुला. मी हसलो आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. अरेतुरे करतोय म्हणून रागावू नकोस, आपल्या घरात तसंच होतं. दवाखान्यात राहून मी सगळ्या जगाला अहोजाहो करायला शिकलो, तुझ्याशी मात्र ते जमत नाही.

ह्याची सुरुवात आपल्या चुलीपाशी झाली. तू दर्यावर असलास की आये मला कुळथाची पिठी आणि भात वाढायची, आणि मला तेच जगातलं जेवण वाटायचं. मग कधीतरी तुझा मचवा कौलं उतरवून मुंबईहून परत यायचा आणि तव्यावर सुरमई चढायची. मधलं जाड काप तुझं, शेपटीकडचं माझं. आये वाढताना एरवी एक शब्द बोलायची नाही, पण तू आलास की तिचं तोंड थांबायचं नाही. तुझं ताट रिकामं व्हायच्या आत तिचा हात पुढे असायचा. मी काटे काढत बसायचो आणि मनात म्हणायचो, हा परत कधी जाणार? दुसरी पोरं बापाची वाट बघत बंदरावर उभी राहायची. मी तुझ्या जाण्याची वाट बघायचो.

मी बारा वर्षांचा आहे. तू मला पहिल्यांदा मचव्यावर घेतलं आहेस. खाडीचं तोंड ओलांडून बाहेर पडतो न पडतो तोच मला बोट लागते. मी काठाला धरून ओकतो, पुन्हा ओकतो, शेवटी पोटात काही उरत नाही तरी ओकतो. खलाशी हसत नाहीत, ते तोंड फिरवतात, ते जास्त वाईट. तू सुकाणूपाशी उभा आहेस, एक हात दांड्यावर, जसा काही तो दांडा तुझ्या खांद्यातूनच फुटलेला आहे. तू माझ्याकडे बघतोस, चिडत नाहीस, आणि खलाशाला शांतपणे सांगतोस, "ह्याला परत काठावर उतरवा. हा जमिनीचा हाय, दर्याचा नाय." तू पुन्हा कधी मला नेलं नाहीस. एखाद्या बापाने चार रट्टे देऊन दुसऱ्या दिवशी परत नेलं असतं. तू मला शाळेत घातलंस, मी चार बुकं शिकलो आणि डॉक्टरकडे कंपाउंडर झालो. मीही मनाशी ठरवून टाकलं: बरं, दर्या तुझा. जमीन माझी.

म्हणून फटफटीचं मला एवढं अप्रूप वाटलं. कोणी साहेब बदली होऊन निघाला होता, त्याच्याकडून डॉक्टरांनी ती घेतली. पण स्वतः चालवायची हिंमत त्यांना होईना. अंगाने स्थूल, त्यात धोतर सांभाळायचं. ते मला म्हणाले, "एक महिन्यात शीक. मला मागे बसवून सड्याच्या उतारावरून खाली आण, पाय न टेकता. जमलं तर गाडी तुझ्या हाती. नाही जमलं तर कोल्हापूरहून चालवणारा आणतो." त्या काळात सबंध गावात फटफट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. वाडीतल्या एकाही माणसाने तिला हात लावलेला नव्हता. तूसुद्धा नाही. तुला न येणारी एक गोष्ट मला येणार होती. मला दुसरं काही नको होतं.

सरळ रस्त्यावर ती आठ दिवसांत माझ्या ताब्यात आली. ढकलून सुरू करायची, टाकीजवळचा दांडा ओढून वेग बदलायचा, हँडलवरच्या छोट्या पट्टीने इंजिन कमीजास्त करायचं, हे सगळं जमलं. घोडं अडलं ते वळणावर. सड्यावरून, वरच्या कातळाच्या माळावरून, रस्ता बंदराकडे उतरतो तिथे तो डावीकडे वळतो, आणि उजव्या अंगाला जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेएवढी भिंतच. चालीच्या वेगाने गेलं की गाडी गुमान वळायची. जरा वेग आला आणि मी हँडल डावीकडे ओढलं की ती उलट उजवीकडे कलंडायची आणि सरळ गडग्याच्या अंगावर जायची. मी आणखी जोरात ओढायचो, ती आणखी हट्टाने जायची. चार दिवसांत तीनदा पडलो. गुडघा सोलला, कोपर फुटलं, डॉक्टरांनी स्वतः पट्टी बांधली. त्यांच्या कपाळावरच्या आठीत कोल्हापूरचा माणूस दिसत होता.

तिसऱ्यांदा पडलो तेव्हा तू तिथे होतास. मचवा विकल्यापासून तुला दिवस खायला उठायचा. आगबोटींनी माल पळवला, आणि तू काठी टेकत सड्यापर्यंत चालत यायला लागलास. माझ्यापाशी येऊन हात द्यायच्या ऐवजी तू गाडीकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "अरे, तू काय बैलगाडी हाकतंस? जायचं तिकडं कासरा ओढायला?"

मी म्हटलं, "मग कुठे ओढू?"

"तारू डावीकडं न्यायचं तर सुकाणूचा दांडा कुठं दाबतात?"

"उजवीकडे."

"मग? तांडेलाचा पोर ना तू?"

मी म्हटलं की आबा, ही होडी नाही, यंत्र आहे, ह्यातलं तुला काही कळत नाही. तू ऐकलंस, मान डोलावलीस, आणि मला म्हणालास की यंत्र बंदच ठेव. मुंबईच्या गोदीत माल उतरायला दिवस लागायचे तेव्हा तू कोणा शिपायाची सायकल फिरवायला शिकला होतास, हे मला ठाऊक नव्हतं. कोणाला ठाऊक होतं? तू काठी गडग्याला टेकलीस, धोतर खोचलंस आणि फटफटीवर बसलास. मी ब्रेक कुठे ते दाखवलं, तेवढंच. इंजिन बंद, आणि तू उतारावर तिला सोडलंस. जवळजवळ आवाज नाही, फक्त चाकाखाली खडी करकरतेय. वळणाच्या आधीच तू ब्रेक दाबून वेग मारलास, मग ब्रेक सोडलास. डाव्या हाताने हँडल जरासं पुढे ढकललंस, ओढलं नाहीस, ढकललंस, आणि ते अवजड धूड डावीकडे झुकून मुकाट्याने वळणातून निघून गेलं. साठीच्या माणसाच्या हाताखाली!

आये आणि दोघी-तिघी बायका मासळीच्या पाट्या घेऊन त्याच वेळी चढ चढत होत्या. त्यांनी ते पाहिलं. एकजण ओरडली, "अगो बाय, तांडेलान फटफटीला शीड लावलान!" आणि आये हसली. पाटी डोक्यावरून पडेल की काय अशी हसली. मी फुटकं कोपर धरून उभा होतो, माझ्याकडे तिची नजरही गेली नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दर्या तुझा होता, वाडी तुझी होती, सुरमईचं काप तुझं होतं, आणि आता आयत्या बिळावर नागोबा होऊन तू माझ्या फटफटीवर बसला होतास. त्या क्षणी तू पडला असतास तर मला वाईट वाटलं असतं, पण लगेच नाही.

परत येताना तू बोलत होतास आणि मी गाडी ढकलत पुढे चालत होतो, ऐकत नसल्यासारखा. "शीड आधी उतरवायचं, मंग वळायचं. वळणात शिरल्यावर शीड उतरवायला गेला तो बुडाला." थोड्या वेळाने, "तू गडग्याकडं बघतंस म्हणून गडग्यावर जातंस. खडकाकडं बघणारा खडकावरच चढतो. वाट जिथं उघडते तिथं नजर ठेव." आणि घर आल्यावर, "दांडा आवळू नको. दर्याला पण आवळलेला हात आवडत नाय." ही गोष्ट डॉक्टरांच्याही कानावर गेली. माझ्या गुडघ्याची पट्टी बदलताना ते हसत म्हणाले, "तुझ्या वडिलांनाच ठेवतो, कोल्हापूर कशाला?" ते थट्टेने म्हणाले हे मला कळत होतं. तरी दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

आणि मग मी काय केलं ते ऐक. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून पहाटे फटाफटा आवाज न करता गाडी ढकलत वाडीबाहेर नेली. सड्यापलीकडे दुसरं एक वळण शोधलं, आणि तू सांगितलं होतंस ते सगळं तसंच्या तसं केलं. खाडीत शिरण्याआधी तू पाण्याचा रंग बघायचास. मी आधी ते वळण पायी चाललो, लाल खडी पायाने बाजूला सारली, कुठे शेवाळ आहे ते बघून ठेवलं. एकच वळण, आणि तेही दोन्ही अंगांनी. पहिले दोन दिवस माणूस चालेल त्याच्याहून थोडं जास्त. अंगाला सवय झाली की मगच वेग कणभर वाढवायचा, भीती वाटली की त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं. वळणाआधी वेग कमी, नजर पलीकडे, डावीकडे जायचं तर डावा हात हलकेच पुढे. पाचव्या दिवशी ते जमलं. तो हट्टी रेडा एकाएकी शहाणा झाला, आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. हसू ओसरायच्या आत माझ्या डोळ्यांसमोर तू आलास, आणि सगळी चव गेली. तो हात माझा होता, पण अक्कल तुझी होती.

त्या संध्याकाळी तू घरापुढच्या खळ्यात जाळं शिवत बसला होतास. वर न बघता विचारलंस, "वळते काय आता?"

मी म्हटलं, "वळते. टायर बदलला. जुना घसरत होता."

तू सुतळी खाली ठेवलीस, उठलास, पुढच्या चाकापाशी जाऊन बसलास आणि त्याच्यावरून हात फिरवलास. त्यावर साहेबाच्या वेळचं ठिगळ तसंच होतं, ते तुझ्या बोटांखाली आलं असणारच. तू म्हणालास, "बरा हाय," आणि परत जाळ्याकडे गेलास. मी आत जाऊन जेवायला बसलो.

महिना संपायच्या आत डॉक्टरांना मागे बसवून मी सड्याच्या उतारावरून खाली आलो. त्यांनी दोन्ही हातांनी माझा सदरा धरला होता, तो दुसऱ्या दिवशी उसवला. पाय टेकला नाही. गाडी माझी झाली. पुढे आमराईवाल्या शेटचा मुनीम माझ्याकडे शिकायला आला, एक शिपाई आला, आणखीही कोण कोण आले. मी त्यांना पहिल्या दिवशी वळण पायी चालायला लावायचो, मग उलटा हात शिकवायचो. ते विचारायचे, ही रीत कोणाची? मी म्हणायचो, माझी. तू त्यातल्या एक-दोघांसमोरच ओटीवर बसलेला असायचास.

चार वर्षांनी, भाद्रपदात, तुला ताप भरला. दुपारची वेळ, पाऊस धरून होता. आयेने माणूस धाडला आणि मी डॉक्टरांना घेऊन निघालो. रस्ता ओला, लाल पाणी वाहतंय, आणि मी घाई केली नाही. प्रत्येक वळणाआधी वेग मारला, नजर पलीकडे ठेवली. डॉक्टरांनी तुझी नाडी पाहिली, छाती ठोकून पाहिली, मला नजरेनेच काय ते सांगितलं. मग तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "तांडेल, तुमच्या मुलाने असल्या पावसात काय वळणं काढली म्हणून सांगू! तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

आये चुलीपाशी उभी होती. मी औषधाची बाटली हलवत होतो, माझा हात थांबला. तू डोळे उघडलेस. तुला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी तू एवढं मोठं वाक्य बोललास, आणि ते आयेला ऐकू जाईल असं बोललास. "मला काय कळतं यंत्रातलं, डाक्टर? ता त्याचं तोच शिकलान."

तेवढ्यावर मी तोंड उघडायला हवं होतं. आये माझ्याकडे बघत होती, तुझ्याकडे बघायची तसं. मी बाटलीचं बूच काढलं आणि तुला औषध पाजलं. दोन दिवसांनी तू गेलास.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही आणि कुठे टाकायचाही नाही, म्हणून खरं ते लिहितो. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दुपारी मला लाज वाटली, म्हणून मी गप्प राहिलो. तसं नव्हतं, आबा. तू तापाने फणफणत होतास, आये तुझ्याऐवजी माझ्याकडे बघत होती, आणि मला बरं वाटलं.