गोमाजी जॉबर यांच्या उतरण्याच्या सोयीबाबत

मु. महाड, प्रयागबाईंची माडी
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप मुरारीदादा यांच्या पायांवर धाकटा भाऊ येसाजी याचा माथा टेकून दंडवत. चंद्रावहिनींनाही तसाच दंडवत, पोरांच्या पाठीवरून हात. इकडे चांगूकाकांच्या खोकल्याची ढास सोडली तर सर्व क्षेम आहे, दोन्ही बैल खाऊन-पिऊन आहेत, आणि माझी प्रकृती पाय सोडून चांगली आहे. पायांचे पुढे येईलच. तुमच्या गुडघ्याला एरंडाचा पाला बांधलात की नाही ते कळवावे. (तुम्ही बांधणार नाही हे मला ठाऊक आहे. वहिनींनी धरून बांधला असेल तर तसे कळवावे.)

तुमचे पत्र पावले, मनिऑर्डरही पावली. तुम्ही लिहिता की तुमच्या गिरणीतले गोमाजी जॉबर पौषी पौर्णिमेच्या सुमारास पत्नी आणि सासूबाई यांना घेऊन रायगड पाहण्यास येणार, चार दिवस महाडास राहणार, तेव्हा त्यांच्या उतरण्याची सोय स्वस्तात पण इभ्रतीला शोभेल अशी बघून ठेवावी. जॉबर कंबरेमुळे खाली निजत नाहीत म्हणून एक पलंग, सासूबाईंना ऊन पाण्याशिवाय चालत नाही म्हणून एक घंगाळ, आणि चहा सगळ्यांनाच लागतो म्हणून सहा कपबशा, हेही स्वस्तात बघून घ्यावे. त्यांची मर्जी बसली की ते मला मुंबईस तुमच्याच खात्यात साच्यावर लावून घेतील आणि मी एकदाचा डोंगरावरच्या आपल्या कोंडावरून सुटेन. दादा, एवढ्याशा पत्रात 'स्वस्तात' हा शब्द तुम्ही पाच वेळा लिहिला आहे आणि शेवटच्याखाली रेघ ओढली आहे. पुढे जे काही झाले ते त्या रेघेमुळे झाले.

गेल्या शुक्रवारच्या आदल्या शुक्रवारी, 'दिवेलागणीला परत येतो' असे चांगूकाकांना सांगून मी कोंड उतरलो. आज नववा दिवस. पोलादपुरात मोटार उभी होती. डायवरने भाडे सांगितले, मी निम्मे सांगितले. तो जरासुद्धा रागावला नाही. म्हणाला, "निम्म्यात नेतो, पण चढाला उतरून ढकलायला लागंल." मला वाटले, वाटेत चढ ते किती? दादा, माणूस मोटारीत बसून गेला तर महाडपर्यंत चढ दोन-तीनच आहेत, पण ढकलत गेला तर सपाट अशी जागाच सापडत नाही. पुरे भाडे दिलेली मंडळी आतून "जोर लाव रे, जोर लाव" म्हणत होती. त्यांत एका बाईच्या मांडीवर कोंबड्यांची डाल होती, त्या कोंबड्यासुद्धा आत बसून गेल्या. मोटार महाडास पोचली, आणि थोड्या वेळाने मीही पोचलो. (पायांचे म्हणालो ते हे.)

आता उतरण्याची जागा. मी असा विचार केला की जिथे जॉबरांना निजवायचे तिथे आधी आपण एक रात्र निजून पाहावे, म्हणजे मागून बोल नको. पहिल्यांदा धर्मशाळा पाहिली, कारण फुकटापेक्षा स्वस्त काय असणार! तिथे एक पक्षकार पाच साक्षीदार घेऊन उतरला होता आणि त्यांच्याकडून साक्ष घोकून घेत होता. पाचवा साक्षीदार जरा मंद होता. सकाळपर्यंत ती साक्ष मला पाठ झाली, त्याला नाही. तो बांध कोणी कोरला हे मी आजही शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी खानावळ. जेवणाऱ्याला निजायला जागा फुकट, पण दुसरी भाकरी मागितली की वाढपी आधी मालकाच्या तोंडाकडे बघे आणि मालक छताकडे बघे. तिसऱ्या दिवशी कोणी म्हणाले, दासगावला बंदरावर वखारीच्या वर झकास खोल्या आहेत, खाडीचा वारा आहे, भाडे नावाला आहे. मोटारीचे भाडे वाचवावे म्हणून चालत गेलो. वारा खरोखरच होता. तो खालच्या वखारीतून येत होता, आणि वखारीत सुकी मासळी होती. मला त्याचे काही नाही, पण सासूबाई माळकरी आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. चालत परत आलो.

खरे सांगायचे तर, दादा, जागा वाईट होत्या म्हणूनच मी उठत होतो असे नाही. माझी घरधनीण आवडी गेली त्याला या चैत्रात तीन वर्षे होतील, तेव्हापासून माझा पाय कुठेच ठरत नाही. घरी असलो तर वाटते शेतावर जावे, शेतावर गेलो तर वाटते बैलांना पाणी दाखवायचे राहिले, आणि बैल तर नुकतेच पिऊन रवंथ करत असतात. एकट्यापुरती भाकरी थापायची, तीही उभ्याउभ्या खायची. तुम्ही साच्याचे लिहिलेत तेव्हा मी लगेच हो म्हटले, ते साच्यासाठी नव्हे. मुंबईत उभेच राहायचे असते, असे ऐकले होते म्हणून. असो. हे वहिनींना वाचून दाखवू नये.

चौथ्या दिवशी प्रयागबाईंकडे आलो. या मूळच्या वरंधकडच्या, आपल्यातल्याच, मालक वारल्यापासून माडी भाड्याने देतात. कोर्टकामाला येणारी वरची माणसे त्यांच्याकडेच उतरतात. घरात त्या आणि त्यांच्या बहिणीची मुलगी तुळसा, दोघीच. प्रयागबाईंनी भाडे सांगितले. मी सवयीने निम्मे सांगितले. तुळसा खाली मान घालून तांदूळ पाखडत होती, ती मान वर न करताच म्हणाली, "मावशे, दे गो त्यांना निम्म्यात. जिन्यापासनं मधल्या तुळईपरयंत. तुळईच्या पलीकडं पाय टाकला तर सगळं भाडं." मला हसू आले आणि मी कबूल झालो. वर गेल्यावर कळले की खिडकी तुळईच्या पलीकडे आहे. एक दिवस मी अलीकडे बसून पलीकडचा उजेड पाहिला. दुसऱ्या दिवशी सगळे भाडे दिले.

पलंगाची गोष्ट जरा लांब आहे. बदली झालेला एक कारकून सामान काढतो आहे असे कळले म्हणून धावत गेलो. सागवानी पलंग, कातीव पाय, मच्छरदाणीला दांड्या. त्याने किंमत सांगितली, मी तिसरा हिस्सा सांगितला, आणि अर्धा तास घासाघीस करून तिसऱ्या हिश्शालाच आणला. तो माणूस इतक्या खुशीत पैसे मोजून घेत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. चार हमाल बोलावले. पलंग उचलला, दारापाशी नेला, आडवा केला, उभा केला, तिरका केला. दार काही त्याला बाहेर सोडीना. मग शेजारच्या म्हातारीने सांगितले की तो पलंग खोलीतच बसून केलेला आहे आणि जन्मापासून बाहेर गेलेला नाही. हमाल मजुरी घेऊन गेले. गल्लीतली निम्मी माणसे जमली, आणि प्रत्येकाकडे एकेक तोड होती. एकाने भिंत पाडा म्हणून सांगितले.

तेवढ्यात तुळसा आली. (बाजारातून परत जाताना गर्दी दिसली म्हणून आली, मी बोलावले नव्हते.) मला विचारते, "दार मोजलं व्हतंत?"

"नाय."

"पलंग?"

"नाय."

"मंग मोजलंत तरी काय?"

 मग ती कारकुनाकडे वळली. "रावसाहेब, तुमी उद्या खोली खाली करून देणार ना? पलंग आत ऱ्हायला तर घरमालक खोली खाली झाली म्हनंल काय?" कारकुनाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मंग सुतार तुमीच आणा." हैबती सुतार आला, त्याने पलंगाचे सांधे सोडवले, त्याची मजुरी कारकुनाने दिली आणि पलंग तुकड्यातुकड्याने आमच्या माडीवर आला. मी वाटेत तिला म्हटले की हे मलाही सुचले असते. ती म्हणाली, "व्हय, पौर्णिमेपरयंत."

कपबशांबद्दल फार लिहीत नाही. पेंढ्यात बांधलेला डझनाचा जुडगा अर्ध्या किमतीत मिळाला. सोडला तेव्हा सहा बशा धड निघाल्या, सहा कपांपैकी दोनच कपांना कान होते. तुळसा म्हणाली, एक जॉबरांना द्या, एक त्यांच्या सासूला, आणि बायको सवयीची असंल, ती वाटीत पिईल.

म्हणून घंगाळाला मी एकटा गेलोच नाही. प्रयागबाईंनीच तिला बरोबर पाठवले. तांबटाच्या दुकानात मी तोंड उघडणार, तोच तिने डोळ्यांनी मला गप्प केले. एकेका घंगाळाला बोटाच्या मागच्या बाजूने टिचकी मारी, कान लावून ऐके, आणि पुढे जाई. एकापाशी थांबली. तांबटाने किंमत सांगितली. ती काही बोलली नाही, नुसती घंगाळाकडे बघत बसली. त्याने कमी केली. ती बघतच होती. त्याने आणखी कमी केली आणि वर म्हणाला, "बाई, काहीतरी बोला तरी." मग तिने बोलून सौदा केला. दादा, मी एवढी वर्षे बाजार करतो, पण गप्प बसण्याला किंमत असते हे मला त्या दिवशी कळले.

घंगाळ मी डोक्यावर पालथे घेतले. ते खांद्यापर्यंत आले, पुढचे काही दिसेना. ती पुढे चालत "दगुड हाय", "शेण हाय", "आता उजवीकडं" असे सांगत होती, आणि तांब्यात तिचा आवाज घुमत होता. मधेच तिने सांगितले, बहुतेक मला तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच, "माजा घरवाला मुंबैला गिरणीत व्हता. दोन वर्सं झाली. पयलं पत्र आलं, मागनं ट्रंक आली." मी आतून "हूं" म्हटले, ते मलाच केवढे मोठे ऐकू आले. मग मी आवडीचे सांगितले. आवडीचे नाव मी तीन वर्षांत कोणापाशी काढले नव्हते, ते घंगाळात तोंड घालून काढले. पुढे तिच्या पावलांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "पायरी हाय, सांभाळून."

तर अशी सर्व तयारी झाली आहे. जागा इभ्रतीची आहे, पलंग मांडून झाला, घंगाळाला पोचा नाही, दोन कपांना कान आहेत. चांगूकाकांना निरोप पाठवला आहे, बैल त्यांच्याकडेच आहेत. बाकी विशेष काही नाही. लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.

तुमचा धाकटा,
येसाजी

ता. क. : बाकी विशेष काही नाही असे वर लिहिले ते बरोबर नाही. काल सकाळी मी भाडे द्यायला खाली गेलो. प्रयागबाई देवळात गेल्या होत्या. तुळसाने विचारले, "आणखी किती दिस ऱ्हायचं हाय?" मी विचारले, महिन्याचा दर काय? ती म्हणाली, महिन्याचा घेतला तर रोजच्यापेक्षा स्वस्त. वर्षाचा? आणखी स्वस्त. माझ्या तोंडून निघून गेले, "आणि कायमचा?" ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मला तांबटाची आठवण झाली आणि घाम फुटला. शेवटी म्हणाली, "त्याचं मावशीला इचारा. पण मावशी तुमच्या थोरल्याबिगर बोलायची नाय. आणि मुंबैला जाणाऱ्याला तर मी सोताच देणार नाय. एक ट्रंक पुरे झाली." मी म्हटले, माझी वर कोंडावर भातजमीन आहे, दोन बैल आहेत. तिने विचारले, "आणि तुमचा पाय ठरंल?" मी खरे तेच सांगितले, की गेले पाच दिवस मी या माडीतून उठून दुसरीकडे गेलेलो नाही.

ता. क. दुसरा : तेव्हा मागणे एवढेच, की साच्यावर दुसरा कोणी लावावा आणि तुम्ही व वहिनी दोघांनी येऊन प्रयागबाईंशी माझ्या नि तुळसाच्या पाटाचे बोलावे. तुम्ही माझ्यासाठी जॉबरांपुढे किती वेळा वाकला असाल ते मी जाणतो, तुम्हाला राग येईल हेही जाणतो. तो इथे येऊन काढावा. जॉबरांनाही यायचे असेल तर त्यांनी जरूर यावे, पण त्यांना भाडे पुरे पडेल, कारण यजमानांकडे माझे आता काही चालत नाही.

ता. क. तिसरा : तुळसाला थोडे वाचता येते. तिने आत्ता हे सगळे पत्र बोट ठेवून वाचले, पाकीट हातात घेऊन वजन बघितले, आणि म्हणते आहे की एवढ्याला पाकीट कशाला, पोष्टकार्डावर एक शब्द लिहिला असतात तर निम्म्यात झाले असते. म्हणून तो इथे लिहितो.

या.