मागच्याला वाट

॥ श्री ॥
ठाकुर्ली, १० जानेवारी १९८८

चि. सौ. मंजुळा हिस दामाजीचे अनेक आशीर्वाद.

तू टेम्पो शिकतेस हे वाचून दाखवल्यावर तुझी आई आधी हसली, मग रडली. मी म्हटलं, रडून काय होणार? कंपनीच्या प्रेसखाली जावईबापूंची उजव्या हाताची बोटं गेली, स्टिअरिंग काही धरवत नाही. बंदरावरून मासळी आणायला घेतलेला टेम्पो दारात उभा ठेवून पोट भरेल का?

माझ्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही, नाहीतर शेजारी बसून शिकवलं असतं. आता कागदावर शिक. हायवेला लागताना आधी आरसा बघ, मग मान वळवून बघ. शिकाऊ माणसाने डावी कडा सोडू नये. पुढच्या गाडीशी सलगी नको. आणि मागच्याला घाई असेल तर उजवा हात बाहेर काढून मागून पुढे झुलवायचा, म्हणजे त्याला कळतं की रस्ता मोकळा आहे. आग्रा रोडवर तीस वर्षं ट्रक चालवला, पण मागच्याला वाट दिली नाही असं एकदाही केलं नाही.

गुणाजी तुमच्याकडेच राहतो, तर बहिणीच्या मागे स्कूटर ठेव म्हणावं. म्हणजे कोणी मागून अंगावर येणार नाही.

सर्वांना आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस.
तुझे बाबा

॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे, २ फेब्रुवारी १९८८

ती. बाबांस मंजुळाचा शि. सा. नमस्कार.

रविवारी रिकामा टेम्पो घेऊन हायवेला गेले. हे शेजारी, गुणाजी मागे. वळायला दुभाजकाच्या फटीत थांबले आणि गाडी तिथेच बंद पडली. सगळं ठाणं माझ्यावर हॉर्न वाजवत होतं. गुणाजी म्हणतो, ताईच्या वेगाने बंदरावरून मासळी घरी येईपर्यंत तिची सुकट होईल. त्याला पुढे जायची घाई, आणि मी काही हात दाखवत नाही म्हणून रुसलाय.

त्याचं कारण लिहिते. वळायची फट लांब पडते म्हणून ट्रकवाले आपल्याच बाजूने उलटे येतात, तेही दुभाजकाला चिकटून. हात दाखवताना माझी नजर आरशात असते. तेवढ्यात समोरून कोणी आला तर? मला भीती वाटते. तुम्ही सांगाल तसं करीन.

पायाला पाणी लावू नका. आईला नमस्कार. माया पातळ करू नये.
तुमची मंजुळा

॥ श्री ॥
ठाकुर्ली, ११ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. मंजुळास आशीर्वाद.

वेडी की काय? मधे दुभाजक घातलाय तो कशाला? समोरून येणारा पलीकडून जाणार. आम्ही कसाऱ्याच्या घाटात एकाच रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांत जीव मुठीत धरून चालवलं. तुम्हाला मेला एवढा मोकळा रस्ता मिळालाय आणि तरी भिता. तू आपली आरशात बघ आणि हात दाखव. जाऊ दे पोराला पुढे, त्याचंही कार्ड आलंय तक्रारीचं.

आई चिंबोऱ्या पाठवते आहे. खुशाली कळव.
तुझे बाबा

ठाकुर्ली, २० मार्च १९८८

मंजुळा,

वर श्री लिहवला नाही. तेराव्याला तू आलीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. जागा होतो. तुझी आई तुला पाणीसुद्धा विचारत नव्हती ते ऐकत होतो.

जावईबापूंनी मला सगळं सांगितलं. गुणाजीने मागून हॉर्न दिला, तू आरशात बघून हात झुलवलास, तो उजवीकडून पुढे निघाला आणि भंगाराचा ट्रक दुभाजकाला धरून उलटा आला. तू हात आत घेईपर्यंत माझा मुलगा गेला होता.

आळीतले म्हणतात, बहिणीने भावाला घालवलं. आईही तेच धरून बसली आहे. अगं, हात तुझा, पण हलवला मी. दुभाजकाच्या रस्त्यावर मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. तो झाला तेव्हा माझा पाय कामातून गेलेला. हे तुला सांगायची लाज वाटली म्हणून शहाणपण सांगत बसलो. तू विचारलं होतंस. तुझ्या पत्रातला तेवढा भाग आईला वाचून दाखवताना मी गाळला होता, आणि अजून वाचलेला नाही. रोज पत्र हातात घेतो. धीर होत नाही.

लायसनची परीक्षा मात्र दे. तुझ्या घरात दुसरं मिळवणारं कोण आहे?
बाबा

वर्तकनगर, २२ एप्रिल १९८८

ती. बाबांस नमस्कार.

परीक्षा दिली. गाडी नीट चालवली, चढावर थांबवली, मागे घेतली. मग आरटीओच्या साहेबांनी हाताचे इशारे विचारले. उजवीकडे वळणं दाखवलं, थांबणं दाखवलं. शेवटी म्हणाले, मागच्याला पुढे जा म्हणून सांगा. हात मांडीवरून उठेना. त्यांना वाटलं मला येत नाही. नापास केलं. महिन्याने पुन्हा बोलावलंय, पण तेव्हाही उठेलसं वाटत नाही. टेम्पो उभाच आहे. मी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार जाते आहे.

ते पत्र आईला वाचून दाखवू नका. मुलगा गेला, आता नवराही तिच्या मनातून उतरायला नको. तुमचा पाय तिच्याशिवाय कोण धुणार? ती माझ्याशी बोलत नाही ते मी सोसते आहे. पत्र चुलीत घाला.

पण बाबा, मी विचारलं होतं, हे तुम्ही तरी विसरू नका.

तुमची
मंजुळा